अकरा बेचाळीसची फाईल

आईला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे. हे तिलाही माहीत नाही. ऑफिसात कुणाला नाही, मैत्रिणींना नाही – आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याला तर नाहीच. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय. समोर बसला असतात तर मी विषय बदलला असता. विषय बदलणं मला छान जमतं.

मी कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी – त्यामुळे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा तपासून बघायची सवय लहानपणीच लागली. लोकांना तो शांतपणा वाटतो. 'पोरगी शांत आहे, कामाला चोख आहे,' असं म्हणतात. शांत माणूस खोटं बोलत असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. मला हे ठाऊक होतं का? तेव्हा? – हो, होतं बहुतेक.

हे आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, दोनदा. दोन्ही वेळा ते ऑफिसच्या ई-मेलसारखं झालं. त्यात चूक 'आढळून येते' आणि मग ती 'दुरुस्त केली जाते'. कुणी केली, कुणी लपवली – हे वाक्यात येतच नाही. म्हणून आता मराठीत लिहितेय. सावकाश लिहितेय, अडखळत.

आमचं ऑफिस नगरच्या केडगावला, पुणे रोडवर, एका टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही सहा जण. मला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम सात-आठ महिने झाले होते. नगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडे आलं. लॅबची जिल्ह्यात बरीच छोटी केंद्रं होती. केंद्रावर रक्त घ्यायचं, तिथल्या मशीनवर तपासायचं, आणि निकालाची फाईल नगरला पाठवायची. नगरला डॉक्टर ती बघून सही करणार, मग रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर जाणार. फायलींची ही ने-आण करणारं सर्व्हर सॉफ्टवेअर तयार मिळतं. फाईल आली की पुढे काय-काय करायचं, त्या पायऱ्या त्याला एकाखाली एक लावून द्यायच्या. पण लॅबच्या स्वतःच्या गरजेच्या पायऱ्या त्यात तयार नसतात. त्या आपण जावामध्ये लिहायच्या आणि मधे बसवायच्या. ते काम माझ्याकडे होतं.

तशी एक पायरी मी लिहिली. पावणेदोनशे ओळींची असेल. वरती, पहिल्याच ओळीत, माझं नाव आहे. अजून आहे.

अशा प्रत्येक पायरीनं काम संपताना सर्व्हरला एकच गोष्ट सांगायची असते – जमलं, की नाही जमलं. 'नाही जमलं' म्हटलं तर सर्व्हर फाईल बाजूला ठेवतो आणि माणसाला कळवतो. 'जमलं' म्हटलं की तो निमूट पुढे जातो. तो परत विचारत नाही. त्याचा आपल्यावर पूर्ण विश्वास असतो – हे मी आत्ता म्हणतेय, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

लॅबची तक्रार अशी होती की केंद्रावरचं नेट मधेच तुटतं आणि तीच फाईल दोनदा येते. पेशंटला दोन-दोन रिपोर्ट जातात, डॉक्टर चिडतात. तर दुसऱ्यांदा आलेली फाईल ओळखून काढून टाकायची. ओळखायची कशावरून? नावावरून नको, कारण नाव टाइप करताना रोज वेगळं होतं. मी मोबाईल नंबर घेतला. दहा आकडे, त्यात घोळ नाही. एकाच दिवशी एकाच नंबरची दुसरी फाईल आली, तर ती आधीचीच समजायची, पुसायची, आणि सर्व्हरला सांगायचं – जमलं.

मला ते फार सुबक वाटलं होतं. मी चाचणी घेतली. चाचणीसाठी माझ्या मैत्रिणींची नावं टाकली, प्रत्येकीचा स्वतःचा नंबर. सगळं बरोबर चाललं. का नाही चालणार?

आता गुंजाळ काकांबद्दल सांगायला हवं. मघापासून मी तेच टाळतेय.

कोपरगावच्या केंद्रावर गुंजाळ काका होते. पन्नाशी उलटलेली, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं – एक निळं, एक लाल. रक्त घेणं, मशीन चालवणं, फाईल पाठवणं, सगळं तेच. लहान मुलाची शीर त्यांना पहिल्या टोचणीत सापडायची. मी आणि माझे वरिष्ठ निखिल सर तिथे नवीन पद्धत शिकवायला गेलो. शिकवायचं फारसं नव्हतंच. मशीनमधून फाईल काढायची आणि एका फोल्डरमध्ये ठेवायची, बस्स. फाईल नगरला पोचली की फोल्डर आपोआप रिकामा. पाठवल्याची काहीच खूण त्यांच्याकडे मागे राहणार नाही, अशीच आम्ही रचना केली होती – कॉम्प्युटर जुना होता, जागा कमी होती.

निखिल सर फोनवर बोलायला बाहेर गेले. काका खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? आमच्याकडं एका नंबरावर आख्खं घर आसतंय. बायांकडं कुठं आलाय फोन. आन् ऊसतोडीवाल्यांचं तर लईच भारी. मुकादमाचा एकच नंबर, समद्या टोळीला तोच. तुमचं कॉम्प्युटर गोंधळणार न्हाई ना?"

मी हसले.

"त्या मुकादमाला समद्यांचे रिपोर्ट जात्यात," काका म्हणाले. "गडी म्हनतो, गुंजाळ, मला एकट्यालाच तीन गरोदर बायांचे रिपोर्ट आल्यात, घरी काय सांगू?"

मी पुन्हा हसले आणि म्हणाले, "हो काका. बघते मी."

वही समोर होती. पेन हातात होतं. मी ते लिहून घेतलं नाही. का? मला वाटलं, ते गप्पा मारताहेत. किंवा खरं सांगायचं तर – असं बोलणारा माणूस मला माझ्या कामातलं काही सांगू शकतो, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी त्यांचं बोलणं ऐकत होते, लकब ऐकत होते. काय सांगताहेत ते ऐकलं नाही. आणि माझी स्वतःची आई? तिच्याकडे फोन आहे, तरी गॅसपासून रक्ताच्या चाचणीपर्यंत सगळीकडे ती बाबांचाच नंबर देते. मी ते आयुष्यभर बघत आलेय.

पावसाळ्यात काही झालं नाही. म्हणजे झालं असेल – नवरा-बायको एकाच दिवशी आले, तर दुसऱ्याची फाईल पुसली गेली असेल. रिपोर्ट आला नाही म्हणून ते पुन्हा आले असतील. कुणी ओरडलं नाही.

मग दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले आणि पूर्वेकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. तिथल्या एका डॉक्टरबाई टोळ्यांच्या तळावरच्या गरोदर बायका तपासायच्या आणि रक्तासाठी काकांकडे पाठवायच्या. एका सकाळी मुकादमानं टेम्पोतून तिघींना आणलं. तिघींचा नंबर एकच. काकांनी तिघींचं रक्त तपासलं आणि तीन फायली ठेवल्या. पहिली पोचली. बाकीच्या दोन माझ्या पायरीनं पुसून टाकल्या आणि सर्व्हरला सांगितलं, जमलं.

त्यातल्या एकीच्या अंगात रक्त फार कमी होतं. नगरच्या डॉक्टरांनी तो आकडा बघितला असता तर त्याच दुपारी फोन केला असता. त्यांनी बघितलाच नाही. चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी स्वतः केंद्रावर फोन केला – रिपोर्ट कुठाय? काकांनी मशीनमध्ये शोधलं, निकाल तिथे होता. त्यांनी दोघींचे आकडे लगेच फोनवरच वाचून दाखवले. त्या बाईला तळावरून उचलून दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं. ती वाचली. बाळही वाचलं. हे मी मुद्दाम सांगत नाहीये – म्हणजे, मुद्दामच सांगतेय. कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, की कुणाचा जीव तर गेला नाही.

त्या दिवशी लॅबच्या मॅनेजरचा फोन आला. अर्ध्या तासानं सगळ्यांनी एकत्र फोनवर बोलायचं ठरलं. मॅनेजर, काका, निखिल सर, मी. निखिल सर म्हणाले, "तू तेवढं सर्व्हरची नोंद बघून ठेव."

मी बघितली. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. तो दिवस काढला. शोधायलाही लागलं नाही. त्या बाईचं नाव, आणि पुढे – फाईल मिळाली, अकरा बेचाळीस. दुबार आढळली. पुसली. जमलं.

चार ओळी. त्यातला 'दुबार' हा शब्द मीच लिहिलेला. मला काकांची खुर्ची ओढलेली आठवली, मुकादमाचा विनोद आठवला. मी फक्त स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. मागून कुणी बघत नाहीये ना, हे बघून.

फोन लागला. मॅनेजर काकांवर आधीच तापले होते. "गुंजाळ, चार दिवस? गरोदर बाईचा रिपोर्ट चार दिवस?" काका म्हणत होते, "साहेब, मी ठिवली हुती फाईल. तिघींच्या बी ठिवल्या." मग निखिल सरांनी मला विचारलं, सर्व्हरवर काय दिसतंय?

मला विचार करायला वेळ नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. अर्धा तास होता. मी वाक्य नेहमीप्रमाणे मनात दोनदा तपासलं. आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी ही फाईल सर्व्हरवर आलेली दिसत नाही."

एवढंच. एक वाक्य. आवाजही हलला नाही.

काकांनी वाद घातला असता, ओरडले असते, 'मॅडम खोटं बोलतात' म्हणाले असते – तर मी बोलले असते का? ठाऊक नाही. ते म्हणाले, "मॅडम म्हनत्यात म्हंजे आसंल. मीच ठिवायची राह्यली आसंल." आणि मग, जणू स्वतःलाच – "त्या टायमाला घरून फोन आल्ता. त्यात राह्यलं आसंल."

हे मला विसरता येत नाही. मी एक खोटं सांगितलं आणि त्या माणसानं बसल्या जागी त्या खोट्याला जुळणारी आठवण तयार केली. फोन आला होता की नाही, देव जाणे. पण त्या क्षणापासून त्यांच्यासाठी तो आला होता, आणि त्यात फाईल राहून गेली होती.

पुढच्या दोन दिवसांत मी पायरी दुरुस्त केली. नंबरासोबत वय आणि नमुन्याचा क्रमांकही बघायचा. सोपं होतं. कामाच्या यादीत लिहिलं – 'किरकोळ सुधारणा'. निखिल सरांनी न वाचता मान्य केलं, माझं काम ते कधी वाचायचे नाहीत, इतका विश्वास. त्यानंतर कोपरगावची एकही फाईल हरवली नाही. आणि झालं काय, तर मॅनेजर म्हणाले, "बघा, एकदा बोललं की माणूस सुधारतो." माझी दुरुस्ती काकांच्या विरुद्धचा पुरावा झाली. मी ते ऐकलं आणि चहा घेतला.

मग काका मला रोज फोन करू लागले. फाईल ठेवली की फोन. "मॅडम, आली का?" "आली, काका." "बरं झालं. मी लिहून ठिवतोय बगा आता वहीत. वय झालं. आमच्या आईचं बी आसंच झाल्तं शेवटाला, जेवली तरी म्हनायची, जेवले न्हाई." मी म्हणायचे, "नाही हो काका, तुमचं तसं काही नाही." ते म्हणायचे, "तुमी हाय म्हनून बरं. तुमी नीट बगून सांगता."

बरोबर वाचलंत. मी नीट बघून सांगते.

एकदा त्यांनी थेट विचारलं. थंडी असेल, कारण आवाज मफलरमधून आल्यासारखा होता. "मॅडम, खरं सांगा. त्या दिवशी मी पाठवलीच न्हवती का? मला अजून हातात फाईल दिसती." दार उघडून दिलं होतं त्यांनी. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणाले, "काका, जाऊ द्या ना आता. होतं कधी कधी."

होतं कधी कधी. कुणाचं?

तुम्ही विचाराल, भीती कशाची होती? नोकरी पक्की व्हायची होती. पण ती गेली नसती. निखिल सर चिडले असते, दोन दिवसांनी विसरले असते. माझ्या वयाच्या मुलीनं कामात चूक केली, ही काही जगबुडी नव्हती. मला फक्त ते वाक्य सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. ते सगळे माझ्याकडे बघतील, एवढंच. एवढ्यासाठी.

सर्व्हर जुन्या नोंदी तीन महिने ठेवतो, मग आपोआप पुसतो. त्या चार ओळी कोणत्या दिवशी जाणार हे मी मोजून ठेवलं होतं. मधल्या काळात मी त्यांची प्रत काढू शकले असते, रोज. नाही काढली. त्या सकाळी ऑफिसात आल्यावर मी पिशवीही न ठेवता आधी ते बघितलं. गेल्या होत्या. आणि मला हलकं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. मला हलकं वाटलं.

उन्हाळ्याआधी काकांनी स्वतःच काम सोडलं. कुणी काढलं नाही. मॅनेजर म्हणाले, मुलानं त्यांना नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं, डॉक्टर म्हणाले, काही नाही, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. काकांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलंल, आणि उद्या माझ्या हातून कुणाचं बरंवाईट झालं तर?

त्यांच्या जागी पूजा नावाची मुलगी आली. तिला शिकवायला या वेळी मी एकटी गेले. टेबलावर तीच मशीन, तोच जुना कॉम्प्युटर, आणि एक लांबट वही, कोपरे मुडपलेली. पूजा म्हणाली, "ही काकांची. सगळं लिहायचे. विसरायचे ना ते, त्यामुळं."

मी चाळली. सुरुवातीच्या पानांवर नमुन्याचा क्रमांक, वेळ, आणि पुढे लाल पेनानं – 'मॅडमला फोन केला. आली.' रोज. पानंच्या पानं. 'मॅडमला फोन केला. आली.' मग हळूहळू मधे दुसरं काही दिसायला लागलं. 'पंखा बंद केला.' 'कुलूप लावले. ओढून पाहिले.' 'किल्ली उजव्या खिशात.' शेवटी-शेवटी पेशंट कमी आणि हेच जास्त. 'बीपीची गोळी घेतली.' त्याच्याच खाली, पुन्हा – 'घेतली. नक्की.' अक्षर सुरेख होतं. शेवटच्या पानावरसुद्धा सुरेखच.

"मागच्या गल्लीतच राहतात," पूजा म्हणाली. "घरीच असतात आता. जायचं का? तुमचं नाव काढतात नेहमी. म्हणतात, त्या मॅडम होत्या म्हणून निभावलं."

मी म्हणाले, "माझी बस आहे."

बसला दीड तास होता. मी स्टँडवर जाऊन बाकावर बसले आणि तो दीड तास तिथेच काढला. मागची गल्ली तिथून चालत दहा मिनिटांवर. समोर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, हंगामातल्या शेवटच्या असाव्यात. मी उठले नाही.

यालाही आता दोन वर्षं होतील. माझी नोकरी पक्की झाली. पायरी अजून चालू आहे, चांगली चालते.

गुंजाळ काका विसरले नव्हते. त्या दिवशी त्यांनी फाईल ठेवली होती. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ती आली होती. मी बघितली होती.